पाहुण्यांच्या मजल्यावर

फिटरने जन्मभर लोखंड बघितलं होतं, पण एवढं लोखंड एका जागी, आणि तेही पाण्यावर तरंगताना, कधी बघितलं नव्हतं. धक्क्यावरच्या रांगेत उभं राहून त्याने आधी जहाजाचं टोक शोधायला घेतलं. डावीकडे मान वळवली, ती वळता वळता पार खांद्याला टेकली, तरी टोक दिसेना. मग उजवीकडे बघितलं. तिकडेही तीच कथा. मग वर बघितलं, तर मजल्यावर मजले चढलेले, प्रत्येक मजल्याला काचेच्या गॅलऱ्या, आणि सगळ्यांच्या वर एक पिवळीधमक घसरगुंडी आभाळात गिरक्या घेत होती. रांगेतला एक गृहस्थ आपल्या बायकोला अगदी गंभीरपणे सांगत होता, "ही इमारत संपली ना, की तिच्या पलीकडे जहाज असेल." इमारत म्हणजेच जहाज आहे, हे त्याला सांगायचं सगळ्यांच्याच जिवावर आलं.

"फिटर, तोंड मीट," शेजारून आवाज आला. "माशी जाईल."

फिटरने तोंड मिटलं आणि तो मनातल्या मनात उड्या मारायला लागला, कारण तो आवाज बायकोचा होता आणि तिने त्याला ओळखलं होतं.

त्याला सगळे फिटरच म्हणत. कारखान्यातून निवृत्त झाला तरी नाव काही निवृत्त झालं नाही. जावईसुद्धा समोर 'बाबा' म्हणायचा आणि पाठ वळली की 'फिटर'. बायकोला तो स्वतः मुकादम म्हणायचा. ती तरुणपणी एका मोठ्या हॉटेलात खोल्या आवरायच्या कामाला लागली आणि चढत चढत अख्ख्या मजल्याची सुपरवायझर झाली. घरातही तिचा कारभार तसाच होता. कपाटातल्या घड्या तिच्या मापाच्या, ताटं तिच्या क्रमाने, आणि नवरा तिच्या धाकात. त्याला ती पहिल्या दिवसापासून अरे-तुरे करत आली. त्यावरून सासूने घर डोक्यावर घेतलं होतं, पण मुकादम बधली नाही. "मला बरोबरीचा मिळालाय, तर बरोबरीनंच बोलणार," म्हणाली, आणि सासू गप्प बसली.

अशा या बाईच्या डोक्यातून गेली काही वर्षं एकेक वस्तू कोणीतरी उचलून नेत होतं. आधी गॅस बंद करायची आठवण गेली. मग शेजारणीचं नाव गेलं. मग मुलीचं लग्न झालंय, हे गेलं. आणि मग एका सकाळी ती अंथरुणात उठून बसली आणि फिटरकडे अशी बघायला लागली, की हा कोण माणूस आणि याला आपल्या घरात काय हवंय. दुपारपर्यंत तो तिला परत आठवला, पण फिटरचा त्या दिवसापासून जीव थाऱ्यावर नव्हता. तशा सकाळी वाढत चालल्या होत्या.

म्हणून हे जहाज. लग्न झालं तेव्हापासून तो तिला सांगत आला होता, "एक दिवस तुला मोठ्या जहाजातून नेईन." सांगण्यात आयुष्य गेलं. आता मात्र तो हट्टाला पेटला. मुलीने परोपरीने समजावलं. "बाबा, तिला घरातलं बाथरूम सापडत नाही, तुम्ही तिला जहाजावर काय नेताय?" जावयाने तिकिटं काढून दिली खरी, पण त्याच्याही चेहऱ्यावर 'म्हातारा काही ऐकायचा नाही' असंच लिहिलेलं होतं. फिटरने कोणाचं ऐकलं नाही. त्याला फार काही नको होतं. जहाज सुटताना कठड्याशी दोघांनी उभं राहायचं, आणि त्या वेळी आपल्या शेजारी कोण उभं आहे हे तिला ठाऊक असायचं. पुढे तिने आयुष्यभर ओळख दिली नाही तरी चालेल, असं तो स्वतःशी म्हणायचा. चालणार नव्हतं, पण म्हणायचा.

आणि आज सकाळी दैव उघडलं. डोळे उघडल्या उघडल्या तिने त्याला फैलावर घेतलं. "अरे, मोजा उलटा घातलायस. लोक म्हणतील, याला बायको आहे की नाही?" फिटरला इतका आनंद झाला, की त्याने दुसरा मोजाही उलटा करून घातला, म्हणजे वाटेत पुन्हा ओरडा खाता येईल. मुलीने बंदराच्या बाहेरच्या दाराशी दोघांना सोडलं, आईच्या स्वेटरची बटणं लावून दिली आणि नाक पुसत निघून गेली.

रांग पुढे सरकली. सामान तपासून झालं, गळ्यात अडकवायची कार्डं मिळाली. आत शिरायच्या आधी एक फोटोवाला सगळ्यांना अडवून फोटो काढत होता. "जवळ या, आजी. अजून जवळ. हसा." मुकादमने फिटरच्या कोपरात हात घातला आणि हसता हसता ओठ न हलवता म्हणाली, "पोट आत घे." फिटरने पोट आत घेतलं. फोटो कसा आला कोण जाणे, पण त्या क्षणी फिटरइतका सुखी माणूस त्या बंदरात दुसरा नव्हता.

मग काचेचा एक लांब पूल, खाली खोलवर काळंहिरवं पाणी, आणि पुलाच्या शेवटी जहाजाच्या पोटात उघडलेलं दार. दारातून आत पाऊल टाकलं आणि फिटरला वाटलं, आपण चुकून दुसरीकडेच आलो. जहाजात शिरल्यासारखं काहीच नव्हतं. तीन मजले उंच दिवाणखाना, छतापासून लोंबणारे काचेचे हजारो लोलक, उजेडाने भरलेल्या काचेच्या लिफ्ट वरखाली करतायत, जिन्याच्या पायऱ्या खालून चमकतायत, आणि मधोमध एक पियानो कोणीही न बसता आपला आपणच वाजतोय. फरशी इतकी लखलखीत, की फिटर दोन पावलं चवड्यांवर चालला. हवेला लिंबाचा आणि मेणाचा वास होता. लोक माना वर करून एकमेकांवर आपटत होते आणि माफी मागत होते.

"केवढं रे हे!" मुकादम म्हणाली. तिचे डोळे लहान मुलीसारखे झाले होते. मग हळूच तिने विचारलं, "लग्न कोणाचं आहे?"

"आपलंच," फिटर म्हणाला.

तिने त्याला खालून वर न्याहाळलं. "आणि तू हा असा आलास? कोट कुठाय?"

"घरी राहिला."

"राहणारच," ती म्हणाली आणि खुदकन हसली. फिटरही हसला. त्याला हसता हसता रडू येत होतं, ते त्याने लोलकांकडे बघायच्या निमित्ताने मागे सारलं. जहाज सुटायला अजून बराच अवकाश होता. खोलीत जायचं, सामान ठेवायचं, तिला घोटभर चहा द्यायचा आणि वेळेआधीच कठडा गाठायचा, असा त्याने बेत केला.

लिफ्टचं दार त्यांच्या मजल्यावर उघडलं.

समोर एक बोळ होता. असा सरळ आणि असा लांब, की शेवटाला माणसं बोटाएवढी दिसत होती. खाली मऊ गालिचा, दोन्ही बाजूंना एकसारखी दारं, दारांवर आकडे, भिंतीवर ठरावीक अंतराने मंद दिवे. आणि मध्येच एका उघड्या दारापाशी चाकांची गाडी, तिच्यावर टॉवेल, चादरी, साबणाच्या वड्या. फिटरने आयुष्यात असलं काही बघितलेलं नव्हतं. तो आकडे वाचत पुढे निघाला, आणि त्याच्या कोपरातला हात निसटला.

त्याने मागे वळून बघितलं. मुकादम थांबली होती. तिने पाठ ताठ केली, स्वेटर खाली ओढून सारखा केला, केसांवरून हात फिरवला. मग ती चालायला लागली, आणि ती चाल फिटरला अनोळखी होती. घरात ती अलीकडे भिंतीला धरून पाय ओढायची. इथे ती बोळाच्या कडेकडेने झपाझप चालली होती, येणाऱ्याजाणाऱ्याला वाट देत, प्रत्येकाला किंचित मान लववत. वाटेत एका दाराच्या चौकटीवरून तिने बोट फिरवलं आणि बोटाकडे बघितलं.

गाडीपाशी खोल्यांची बाई उभी होती. पन्नाशीची, कानापाशी पिकलेली, कमरेला किल्ल्यांच्या जागी कार्डांचा जुडगा. मुकादम तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"जड टॉवेल खाली का ठेवलेत?"

"काय, मॅडम?"

"जड ते वर, हलके ते खाली. दिवसभर वाकून वाकून पाठ जाते. मग म्हातारपणी नवऱ्याला शेकायला लावावं लागतं. कोणी शिकवलं नाही तुला?"

बाईने मुकादमकडे बघितलं, मग तिच्या मागून धापा टाकत आलेल्या फिटरकडे. फिटरने काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण बाईला सांगायची गरज पडली नाही. असल्या गोष्टी बघितलेलं माणूस होतं ते. "बरोबर आहे, मॅडम," ती म्हणाली आणि तिने खरोखरच टॉवेल वर घ्यायला सुरुवात केली.

त्यांची खोली तिथून जवळच होती. फिटर कार्ड लावणार, तेवढ्यात मुकादमने त्याला हाताने मागे सारलं, बोटाच्या पेराने दारावर टकटक केली आणि स्वच्छ, गोड आवाजात म्हणाली, "हाउसकीपिंग!" थांबली. पुन्हा टकटक. पुन्हा थांबली. आतून उत्तर येणार नव्हतंच. मग तिने दार उघडायची खूण केली.

खोली छोटी, पण देखणी होती. पलीकडे काच, काचेपलीकडे बंदर. फिटरला खिडकी दिसली आणि मुकादमला पलंग. तो चांगला घातलेलाच होता, पण तिच्या पसंतीस उतरला नसावा. तिने एका झटक्यात चादर उपसली, हवेत फडकवली आणि पलंगावर अशी पसरली, की एक सुरकुती नाही. कोपरे उचलून पाकिटासारखे दुमडले, गादीखाली सारले, तळहाताने एक फटका मारून सपाट केले. उशी काखेत धरून खोळ चढवली. हे सगळं होताना ती क्षणभरही अडखळली नाही. गेले कित्येक महिने या हातांना स्वेटरचं बटण लागत नव्हतं.

फिटरला वाटलं, जिंकलो. परत आली. सगळे म्हणत होते नेऊ नका, नेऊ नका, आणि बघा! त्याने घाईघाईने फोन काढला. मुलीला दाखवायचं, जावयाला दाखवायचं, त्या तोंड वेंगाडून बोलणाऱ्या डॉक्टरलाही दाखवायचं. फोन तिच्याकडे रोखून तो पलंगाच्या कडेवर बसला आणि शेजारच्या जागेवर थोपटत म्हणाला, "बस गं आता जरा. दमली असशील."

"नको, साहेब," मुकादम म्हणाली. "गेस्टच्या पलंगावर आम्हाला बसायचं नसतं."

फोनमध्ये चित्र चालूच होतं. फिटरने तो बंद करून खिशात ठेवला.

"अगं, साहेब काय म्हणतेस? मी फिटर आहे."

"हो का?" ती मनापासून खूष झाली. "माझा नवरापण फिटरच आहे. तुमच्यासारखा जहाजाबिहाजातून फिरणारा नाही पण. साधा."

"साधा म्हणजे?" फिटरच्या तोंडून निघून गेलं.

"साधा म्हणजे साधा हो. मोजे उलटे घालतो."

फिटरने पाय पलंगाखाली ओढून घेतले. ती हसत होती, पण हे हसू त्याने कधी बघितलेलं नव्हतं. दात न दाखवता, डोळे किंचित खाली ठेवून, सगळ्यांना सारखंच वाटायचं असावं तसं. घरी ती अशी कधी हसली नव्हती. घरी एक तर ती खदखदून हसायची, नाही तर ओरडायची.

"तुमच्या मॅडम यायच्यात ना?" तिने विचारलं. "दोन उशा आहेत म्हणून म्हटलं."

"येईल," फिटर म्हणाला. "जहाज सुटेपर्यंत येईल."

"येऊ द्या सावकाश. तोवर मी बाथरूम बघून घेते."

ती आत गेली आणि नळाचा आवाज यायला लागला. फिटर तिने घातलेल्या पलंगाच्या कडेवर बसून राहिला, आणि मग कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. हॉटेलचा नियम कडक होता. कामवाल्यांच्या घरच्यांनी मागच्या फाटकाच्या आत पाऊल टाकायचं नाही. इतकी वर्षं तो तिला रोज घ्यायला जायचा आणि रोज फाटकाबाहेर उभा राहायचा. त्याला हॉटेल ठाऊक होतं ते मागून. धुलाईच्या खोलीची वाफ, कचऱ्याचे डबे, भिंतीवरून उतरणारे नळ. वर पाहुण्यांच्या मजल्यावर काय असतं, ते त्याने ना कधी बघितलं ना कधी विचारलं. जहाजाची चित्रं जावयाने दाखवली, तीही बाहेरूनच. निळं पाणी आणि पांढरं जहाज. आत खोल्या असणार, खोल्यांत पलंग असणार, पलंगांवर कोणीतरी चादरी घालणार, हा विचार त्याला शिवला नाही. दुसऱ्या कुठल्याही म्हाताऱ्याने ही चूक केली नसती, कारण दुसरा कुठलाही म्हातारा निदान एकदा तरी हॉटेलात राहिलेला असतो. बायकोला फिरायला न्यायचं म्हणून निघाला आणि तिला सरळ तिच्या कामावर आणून सोडलं. आता तिच्या लेखी तो गिऱ्हाईक होता.

तरी त्याला एक आशा होती, की दुपारपर्यंत ती परत येते तशी येईल. डॉक्टरने बजावलं होतं, खोडून काढू नका, वाद घालू नका, ती जिथे आहे तिथे तुम्ही जा. म्हणून ती बाथरूममधून हात पुसत बाहेर आली, तेव्हा फिटर गिऱ्हाईक झाला. आणि खरं सांगायचं तर त्याला एक हावही सुटली होती. आपल्यामागे लोक आपल्याबद्दल काय बोलतात, हे ऐकायला कोणाला आवडणार नाही?

"नवरा काय करतो म्हणालात? फिटर?"

"हो. रोज घ्यायला येतो मला. फाटकाशी उभा असतो. मी कितीही उशिरा सुटले तरी असतोच."

"वैतागत असेल."

"छे! मीच वैतागते. म्हणते, एखाद दिवशी नको येऊ, माझी मी येते. तर म्हणतो, मला दुसरं काम काय आहे?" ती टेबलावरचा धुळीचा कण बोटाने टिपत होती. "चांगला आहे हो तसा. बोलतो मात्र फार. म्हणतो, एक दिवस तुला मोठ्या जहाजातून नेईन."

फिटर म्हणाला, "मग? नेऊ दे की."

ती दाराकडे बघून थोडी जवळ आली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "तुम्ही गेस्ट आहात म्हणून सांगते. मला नको वाटतं. जहाज म्हणजे काय, ते माहितीये मला. आमच्या हॉटेलात जहाजावर काम करून आलेल्या बायका होत्या. सांगायच्या, हेच असतं, फक्त हलतं. दिवसभर मी याच खोल्या बघते, याच चादरी, याच उशा. सुटीच्या दिवशी पुन्हा असल्याच खोलीत जाऊन बसू? झोप तरी येईल का मला? अर्धी रात्र चादरीचे कोपरेच बघत बसेन." ती हसली, आणि या वेळी थोडी खरी हसली. "मला आपलं घरी बसायचंय त्याच्याबरोबर. दार लावून. अंथरूण तसंच पडलेलं असू दे, भांडी पडलेली असू देत. त्यानं बडबड करावी आणि मी ऐकावी. एवढा एक दिवस मिळाला ना, तरी पुरे."

"मग हे त्याला का सांगत नाही तुम्ही?"

"कसं सांगू हो?" ती म्हणाली. "जहाजाचं बोलायला लागला की त्याचा चेहरा बघितलाय का तुम्ही? इतका खूष होतो. कशाला मोडू त्याचं मन? कुठे खरंच नेणार आहे तो!" मग एकदम दचकून, "तुम्ही कुठे बोलू नका हं हे, साहेब."

"नाही बोलत," फिटर म्हणाला.

निवृत्त झाल्यापासून असे किती दिवस हातात होते. दार लावून बसायचे दिवस. आणि तो ते सगळे जहाजाच्या बाता मारण्यात, मग त्या जहाजासाठी काटकसर करण्यात, मिळेल त्या कारखान्यात वरकड काम धरण्यात घालवत राहिला. संध्याकाळी घरी यायचा तो थकून. ती दार उघडायची आणि म्हणायची, आलास? तो म्हणायचा, बघशील तू, एक दिवस. तिने एकदा जरी सांगितलं असतं! पण त्याने तरी एकदा कुठे विचारलं होतं? फिटरला स्वतःची इतकी चीड आली, की त्याने तो नीट घातलेला पलंग मुठीने चुरगळला. मुकादमने येऊन ती सुरकुती तळहाताने सरळ केली.

तेवढ्यात भोंगा झाला. साधासुधा नाही. अख्ख्या जहाजाच्या हाडांतून निघाल्यासारखा, काचा थरथरवणारा लांबच लांब भोंगा. बोळात दारं उघडायला लागली, लोक हसत ओरडत डेकवर निघाले.

मुकादम भानावर आल्यासारखी झाली. "सुटी झाली," ती म्हणाली. "निघते, साहेब. माझा माणूस फाटकाशी उभा असेल." आणि खुर्चीवरची पर्स उचलून ती दाराबाहेर पडलीसुद्धा.

फिटरला एकच गोष्ट सुचली. तो तिच्या मागून बाहेर पडला, गर्दीतून वाट काढत, गुडघ्यांची पर्वा न करता पुढे पळाला आणि बोळाच्या टोकाशी, डेकवर उघडणाऱ्या दाराजवळ जाऊन उभा राहिला. खांदा भिंतीला टेकवून, एक हात खिशात घालून, फाटकाशी उभा राहायचा तसा. ती झपझप येत होती. दोन-चार पावलांवर आल्यावर त्याने रोजच्यासारखी हाक मारली.

"मुकादम! चल, केवढा उशीर!"

ती थबकली. तिने त्याच्याकडे नीट बघितलं. कपाळाला आठी घालून, ओळखायचा खरोखर प्रयत्न करत बघितलं.

"साहेब," ती म्हणाली, आणि तिचा आवाज कडक झाला, "मला अशी हाक मारायची नाही. तसं फक्त माझा नवरा म्हणतो."

आणि त्याला वळसा घालून ती दारातून बाहेर गेली.

बाहेर वारा होता, गाणी लागली होती, कठड्याला माणसांच्या रांगाच्या रांगा लागल्या होत्या. मुकादम त्यांच्यातून घुसत कठड्यापर्यंत पोचली. फिटर तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. खाली धक्का आणि जहाज यांच्यामध्ये पाण्याची एक पट्टी दिसत होती, आणि ती पट्टी रुंद होत होती.

"फाटक कुठंय?" तिने विचारलं. मग तिला ती पट्टी दिसली. ती कठड्यावरून इतकी वाकली, की फिटरने तिचा स्वेटर मागून घट्ट धरला. "अहो, हे चाललं कुठे? थांबवा! माझा माणूस तिकडे राहिला!" तिने फिटरची बाही पकडली. "साहेब, तुम्ही गेस्ट आहात, तुमचं ऐकतील. सांगा ना कोणाला तरी. तो उभा राहील तिथंच. त्याला कळणार नाही मी कुठे गेले ते. तो घरी जायचा नाही हो!"

आजूबाजूचे लोक बघायला लागले. फिटरला सांगायचं होतं, अगं वेडे, मी इथे आहे, हा बघ, माझ्या बाहीला धरून उभी आहेस तू. तोंडापर्यंत आलेले शब्द त्याने गिळले. ते ऐकून तिची भीती गेली नसती. एक अनोळखी म्हातारा आपल्याला नादी लावतोय, एवढंच तिला वाटलं असतं.

"आधी तो दिसतोय का बघू," तो म्हणाला. "कसा आहे तो? तुम्ही बघा. मला ओळखू येणार नाही."

ती बघायला लागली. धक्का मोकळा होत चालला होता. दोर सोडून झालेले कामगार तिथे उभे होते, कोणी दोराची वेटोळी घालत होते, कोणी नुसतेच जहाजाकडे बघत होते. तिचे डोळे एकेकावरून फिरले आणि एका ठिकाणी थांबले. जाडजूड, टक्कल पडायला आलेला एक कामगार इतरांपासून बाजूला, लोखंडी खांबाला टेकून उभा होता.

"तो काय!" ती ओरडली. "तो बघा! उभा आहे! म्हटलं नव्हतं, असतोच म्हणून?"

"तोच का?"

"तोच. दुसरा कोण असणार?" तिने पर्स फिटरच्या हातात कोंबली आणि दोन्ही हात वर करून हलवायला लागली. "अरे! इकडे! वर बघ, वर! मी इथंय! तू घरी जा! माझी वाट बघू नको, घरी जाऊन बस, मी आलेच! कुठे जाऊ नको, घरीच थांब!"

एवढ्या उंचीवरून त्या माणसाला शब्द ऐकू जाणं शक्य नव्हतं. पण सुटणाऱ्या जहाजांवरून हात हलवणारी माणसं तो रोज बघत असणार. त्याने मान वर केली, त्याला ती दिसली की नुसती गर्दी दिसली कोण जाणे, पण त्याने हात उंच करून भलामोठा हलवला.

मुकादमच्या चेहऱ्यावरची सगळी भीती उतरली. तिथे जे हसू आलं ते फिटरला चांगलं ओळखीचं होतं. त्या हसण्यासाठी तो ऊनपाऊस न बघता फाटकाशी उभा राहिला होता. ते हसू आत्ता त्याच्या हातभर अंतरावर होतं, आणि त्याच्या खांद्यावरून पलीकडे चाललं होतं. फिटरला त्या परक्या माणसाचा असा हेवा वाटला, की काळजात कळ आली. आणि तो हात हलवायचा थांबू नये म्हणून तो देवाची विनवणीही करत होता.

माणूस लहान होत गेला. मग तो, खांब आणि धक्का वेगळे ओळखू येईनासे झाले. मुकादमने हात खाली घेतले आणि डोळे स्वेटरच्या बाहीने पुसले.

"दिसला ना तुम्हाला?"

"दिसला," फिटर म्हणाला. "चांगला वाटला माणूस."

"चांगलाच आहे." ती त्याच्याकडे वळली, त्याच्या हातातली आपली पर्स घेतली आणि त्याच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघून तिला त्याची कीव आली. "तुमच्या मॅडम आल्याच नाहीत का हो?"

"नाही," फिटर म्हणाला. "राहिली ती."

"अरेरे," ती म्हणाली. "मग हात तरी हलवा. बघत असतील त्या."

फिटरने धक्क्याकडे तोंड केलं आणि हात हलवला.